रॅपियर घेण्याआधी: 24 मागांच्या शेडसाठी काही कामं

इचलकरंजीत कुठल्याही यंत्रमागधारकाला विचारा, उत्पादन कसं वाढवायचं? उत्तर ठरलेलं असतं: साधे माग भंगारात घाला, रॅपियर (नवे वेगवान माग) घ्या. ज्याला कर्ज पेलतं त्याने जरूर घ्यावेत. माझी शेड 24 साध्या मागांची आहे, खर्चीवर चालते (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायचं), आणि अशा शेडा गावात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या मालकांसाठी हे लिहिते आहे. साध्या मागावर जे कापड बुडतं ते माग थांबलेल्या मिनिटांत बुडतं. ती मिनिटं वाचवायची तर कामगाराचे डोळे, कंबर, फुफ्फुसं यांच्याकडे बघावं लागतं.

आधी हिशेब मांडा. 52 पिकाचं कापड म्हणजे इंचाला 52 आडवे धागे, मीटरला साधारण 2,050. मिनिटाला 160 पीक मारणारा माग एक मीटर जेमतेम 13 मिनिटांत काढतो. 12 तासांच्या पाळीत एकदाही थांबला नाही तर 56 मीटर. समजा तुमच्या हाती 40 पडतात. मग एका मागामागे 16 मीटर गेले, दोन पाळ्या आणि 24 माग धरले तर दिवसाला साडेसातशेच्या वर. ते कुठे गेले हे दिवाणजीला सांगता येतं का? आपल्या वहीत मीटर असतात, मजुरी असते, उचल असते. माग का थांबला, ते नसतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नका, फक्त मोजा. दर अर्ध्या तासाने दिवाणजीने शेडमधून एक फेरी मारायची आणि त्या क्षणी कुठले माग बंद आहेत, कशामुळे, एवढंच लिहायचं. कारणं पाच पुरतात: तार (धागा) तुटली, कांडी (आडव्या सुताची नळी) संपली, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट, बीम (ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताचा रूळ) किंवा सूत नाही, लाईट गेली. 24 फेऱ्या गुणिले 24 माग म्हणजे एका पाळीत 576 नोंदी. त्यातल्या 170 बंद निघाल्या तर तुमचे माग शंभरातली तीस मिनिटं उभे आहेत, आणि त्या तीसचा वाटा कोणाचा किती तेही समोर येतं. हे कामगारावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून मराठीत आणि हिंदीत सांगा. नोंदीत कामगाराचं नाव घालू नका, मागाचा नंबर घाला. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला होता. माग का थांबला, कापडात डाग कुठला, सूत किती शिल्लक, याच्या रोजच्या नोंदी आणि त्यावर रोजची बैठक, हा त्याचा गाभा. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. त्यांचा अहवाल 2013 साली प्रसिद्ध झाला.

आता कांड्या. मध्यम नंबरच्या सुताची कांडी सात-आठ मिनिटांत संपते. सहा माग सांभाळणारा कामगार एका पाळीत चारशेच्या वर कांड्या बदलतो. कांड्यांची पेटी जमिनीवर ठेवली असेल तर तो चारशे वेळा वाकतो. पेटीसाठी कमरेइतक्या उंचीचं लोखंडी स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, दोन मागांमध्ये एक. रिकाम्या कांड्यांना वेगळा डबा. कांडीवाल्या मावशींना भरलेल्या पेट्या उचलून सगळी शेड पालथी घालावी लागते, त्यांना चाकांची गाडी द्या आणि तिच्या वाटेत बीम, कापडाचे तागे, पिकरसारखे जुने सुटे भाग टाकू देऊ नका. मी एकच काम सुचवायचं ठरवलं तर हेच सुचवेन, कारण खर्च थोडा आणि फरक दुसऱ्या दिवसापासून.

धोट्यात (मागावर इकडून तिकडे धावत आडवा धागा टाकतो तो) कांडी भरल्यावर सूत भोकातून तोंडाने ओढून घ्यायची सवय अजून पुष्कळ शेडांत आहे. एकच धोटा दिवसा एकाच्या ओठाला, रात्री दुसऱ्याच्या. त्यासोबत सुताची धूळ आणि कांजी छातीत जाते ती वेगळीच, आणि तोंडातल्या रोगजंतूंना एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला वाट मिळते. हे मला सहन होत नाही. बारीक तारेचा आकडा प्रत्येक मागाला दोरीने बांधून ठेवा, नवे धोटे घेताना हाताने सूत ओवता येईल असेच घ्या. जॉबरने हे स्वतः करून दाखवलं तर इतर करतात. नुसत्या सूचनेचा उपयोग होत नाही. धोटा उडू नये म्हणून गार्ड असतो, तो काढून ठेवलेला दिसला तर माग बंद करा. पिकर (धोट्याला ठोकणारा ठोकळा) आणि पट्टा तुटेपर्यंत वाट न बघता ठरल्या दिवशी बदलला की धोटाही कमी उडतो आणि जॉबरची वाट बघणंही कमी होतं.

उजेडाचं असं, की ताण्याची तुटलेली तार शोधायला डोळे लागतात. ट्यूब कामगाराच्या पाठीमागे असेल तर त्याची स्वतःची सावली तारांवर पडते. ट्यूब फणीच्या (ताण्याचे धागे जिच्यातून जातात तिच्या) वर, रांगेला समांतर घ्या. एलईडी घेतल्यास वीज वाचते हे सगळे सांगतात. बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या अभ्यासात एलईडीमुळे उष्णता कमी झाल्याने तापलेल्या दिवसांत कामही वाढलेलं दिसलं. सुरतच्या विणकाम कारखान्यांतही उन्हाचा पारा चढला की उत्पादन उतरतं, हे मोजून दाखवलेलं आहे.

पण आपल्याकडे नुसते पंखे लावून भागत नाही. हवा कोरडी झाली की सुती तार तटातट तुटते, म्हणून आपण खिडक्या बंद करतो आणि माणूस उकडून निघतो. आधी पत्र्याला वरून चुना मारा, मार्च लागायच्या आत. छपरावर वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर बसवा. ओल टिकवायला फवारा ठेवा, आणि गार पाण्याचा माठ शेडच्या दोन्ही टोकांना.

आवाजाबद्दल थोडक्यात: कायद्याची मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल आहे, आपली पाळी बाराची. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तिथे कानात बोळे हवेत. बोळे घालूनही मागाचा बिघडलेला ठोका ओळखू येतो, घालून बघा.

मागाजवळ उभं राहून, माग चालू ठेवून भाकरी खाणारे कामगार बघितलेत ना? पाळीला एक बदली माणूस ठेवा. चार कामगारांना अर्धा-अर्धा तास सोडवायला त्याचे दोन तास जातात, उरलेल्या वेळात तो जॉबरच्या हाताखाली शिकतो. आठ तासांच्या तीन पाळ्या हेच खरं उत्तर आहे असं मला वाटतं, पण बारा तासांची कमाई आठ तासांत पडेल असा दर नसेल तर कामगारच नको म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.

एका गोष्टीने या सगळ्यावर पाणी फिरतं: मीटर वाढले म्हणून पिकावर ठरलेला मजुरीचा दर खाली ओढणं. तसं एकदा झालं की पुढे कोणी मन लावून माग चालवत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. दर बदलणार नाही हे मोजणी सुरू करायच्या आधी फळ्यावर लिहा. माग आपल्या चुकीने, सूत किंवा बीम नसल्याने थांबला तर त्या वेळेची मजुरी द्या. सूत वेळेवर आणायची निकड मग आपल्यालाच लागते.

दहा माणसं झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांचं कार्ड काढताना आधारवरचा पत्ता आणि कुटुंबाची नावं आडवी येतात. दिवाणजीला एक अख्खा दिवस याच कामासाठी मोकळा द्या, आणि कार्ड हातात पडेपर्यंत पाठपुरावा त्यानेच करायचा.