पुदिन्याचं जेवण: शनिवार संध्याकाळपासूनची तयारी

पाहुणे आले की कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला. पण वैशाखातला एक रविवार मी पुदिन्यासाठी राखून ठेवते. बारा माणसांसाठी हिरवं मटण, मटण न खाणाऱ्यांना पुदिना-बटाट्याचा भात, हिरवी चटणी, थोडा खर्डा, मठ्ठा आणि कैरीचं पन्हं. हे सगळं तुम्हाला करता येतंच. सांभाळायची असते ती वेळ, कारण पुदिन्याचा वास खुडल्यापासून उतरत जातो. म्हणून ही यादी घड्याळाप्रमाणं लिहिली आहे.

शनिवारी संध्याकाळी मंडईत जायचं. मी कपिलतीर्थला जाते. पेंडी हातात घेऊन आधी मधली दोरी सैल करून बघा. बाहेरची पानं तजेलदार आणि आतली काळी, असं फार वेळा निघतं. एक पान बोटांत चुरडा. वास नाकात नीट भरला तरच घ्या. उन्हाळ्यातली पानं लहान पण वासाला तिखट असतात, पावसाळ्यातली मोठी आणि पाणचट, म्हणजे तेव्हा माप दीडपट धरावं लागतं. पेंड्यांचा आकार सारखा नसतो, त्यामुळं हिशोब पानांचा करा: निवडून, हलकी दाबून आठ वाट्या. त्यातल्या तीन मटणाला, दोन चटणीला, एक भाताला, उरलेल्या दोन खर्डा, मठ्ठा आणि पन्ह्यात वाटून. सोबत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, आठ-दहा लिंबं, किलोभर कैऱ्या. गूळ आपला कोल्हापुरी, पण पिवळाधमक बघून भुलू नका. पन्ह्याला गडद रंगाचाच चांगला लागतो.

घरी आल्यावर पुदिना धुवायचा नाही. हे मी ठासून सांगते, कारण एका वर्षी मी रात्रीच धुऊन ओलाच पिशवीत बांधून ठेवला होता. सकाळी पिशवी उघडली तर निम्मी पानं काळी, बुळबुळीत झालेली, आणि पाहुणे दारात. तेव्हापासून देठ तसेच ठेवून पेंडी सोडते आणि पेल्यात तीन बोटं पाणी घालून फुलांसारखी उभी करते. वर ओलसर पंचा सैलसर टाकायचा, गार कोपऱ्यात ठेवायचा. सकाळपर्यंत पानं ताठ राहतात.

रात्री दोनच कामं उरतात. दही विरजून ठेवायचं, साधारण दीड किलो, कारण मठ्ठ्याला किलोभर लागतं आणि मटणाला अर्धा. दुसरं काम म्हणजे कैऱ्या उकडून गर काढायचा, गर गार झाला की त्यात गराच्या दीडपट चिरलेला गूळ विरघळवायचा, मीठ घालायचं. वेलदोडा घालू नका. पुदिना येणार असेल तर त्याच्या जोडीला भाजलेलं जिरं आणि पादेलोण हवं.

रविवारी पहाटेच मटणाच्या दुकानी कुणाला तरी पाठवा, नऊनंतर रांग हलत नाही. दोन किलो मटण आलं की मगच पुदिन्याला पाणी लावायचं. पसरट पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा आणि हातानं वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. असं तीनदा. मग सुती कापडावर पसरून कोरडी करा. कोवळे शेंडे पानांसोबत चालतात, जून देठ मात्र कडू उतरतात, ते बाजूला काढा. पुदिन्याचं देठ चौकोनी असतं. बोटांत फिरवून कडा टणक लागल्या की ते जून समजावं.

मटणाच्या तीन वाट्यांपैकी दोन आत्ता वाटायच्या, दोन वाट्या कोथिंबीर, दहा-बारा मिरच्या, आलं-लसूण आणि दह्याबरोबर, आणि मीठ लावून मटण तीन तास मुरत ठेवायचं. शिजताना हा पुदिना काळपट होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याची चव मटणात उतरलेली असते. तिसरी वाटी चिरून अगदी शेवटी, आच बंद करताना घालायची आणि पाच मिनिटं झाकण ठेवायचं. वास येतो तो हिच्यामुळं. कांदा-लसूण चटणी या मटणात घालायचा मोह होईल, घालू नका. तिच्यापुढं पुदिना टिकत नाही, आणि तिखटपणा मिरचीनं भागतो. पांढऱ्या रश्श्यातही मी पुदिना घालत नाही, त्या रश्श्याला त्याची गरज नाही.

चटणी जेवणाआधी तासभर. पान चिरलं की त्यातलं एन्झाइम हवेला लागून ते काळं पाडतं. लिंबाची आंबटाई त्याला आवरते, पण हीच आंबटाई रात्रभर राहिली तर हिरवा रंग मळकट करते. म्हणून आदल्या दिवशी करून ठेवलेली चटणी कधीच तजेलदार दिसत नाही. दोन वाट्या पुदिना, एक वाटी कोथिंबीर, चार मिरच्या, दोन चमचे डाळं, आलं, मीठ आणि लिंबू. मिक्सर तापतो, तेव्हा पाण्याऐवजी बर्फाचे चार खडे टाका आणि थांबत थांबत फिरवा. पाटा असेल तर बर्फाची गरजच नाही. खर्डा तव्यावर मिरच्या-लसूण भाजून ठेचायचा आणि खाली उतरवल्यावर मूठभर पानं त्यात चेचायची. भात नेहमीसारखा फोडणीचा, पुदिना वाफ धरल्यावर.

पेयांचा थंडावा मात्र पुदिन्यावर सोडून चालत नाही. जिभेला गार भास देणारं मेंथॉल पेपरमिंटच्या जातीत भरपूर असतं. आपल्या मंडईतल्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा, त्यात मेंथॉल नावालाच. म्हणजे गारवा माठानं द्यायचा आणि वास पुदिन्यानं. किलोभर दह्याला माठातलं दोन लिटर पाणी घालून रवीनं घुसळा, आलं, मिरची, जिरं, मीठ. पानं यात वाटून घालू नका, मठ्ठा हिरवट आणि कडसर होतो. तळहातावर घेऊन एक टाळी मारा आणि तशीच टाका, अर्ध्या तासानं काढून घ्या. पन्ह्यातही असंच, फक्त ताटं मांडायला घेताना.

बाजूला काढलेले जून देठ फेकू नका. तीन-चार निवडून खालची पानं काढा आणि पाण्यात उभे ठेवा. आठवडाभरात मुळ्या फुटल्या की कुंडीत लावा, पण स्वतंत्र कुंडीत, कारण पुदिना शेजारच्या रोपाला जागा ठेवत नाही.