सालीवरच्या बुरशीचा नमुना हर्बेरियमला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला) द्यायचाय? आधी लेबल नीट लिहा

पावसाळ्यात आंब्याच्या वाळक्या फांदीवर पांढरट-राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे दिसतात आणि उलटे करून बघितलं की गिल्स (खालच्या बाजूचे पातळ पडदे) मधोमध चिरलेले असतात, ते स्किझोफायलम कम्यून. 1815 साली फ्रीस या बुरशीशास्त्रज्ञाने नाव दिलेली ही बुरशी अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडते, त्यामुळे कुणी फारसं उचलत नाही, पण शिकायला हिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

तोडायच्या आधी फोटो काढा, वरून, खालून आणि झाडाचा पण, पान आणि साल दोन्ही दिसतील असा. मग सुरीने सालीच्या तुकड्यासकटच काढा, नुसती बुरशी खरवडू नका. आणि लेबल तिथेच उभ्या उभ्या लिहा, घरी गेल्यावर नाही: झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, फांदी झाडावर होती का खाली पडलेली, साल शाबूत होती की नुसतं लाकूड, जीपीएस, समुद्रसपाटीपासूनची उंची, कुणी गोळा केलं आणि तुमचा नमुना क्रमांक. तारखेत महिना अक्षरात लिहा, 7/6 म्हणजे जून की जुलै हे नंतर कुणालाच कळत नाही. नुसतं ‘लाकडावर’ लिहिलेली नोंद मला खरंच खटकते कारण झाडाचं नाव एकदा हुकलं की ते परत मिळवणं फार अवघड. संरक्षित जंगलात असाल तर वनखात्याची परवानगी आधीच घ्या.

प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, घाम सुटून दुसरीच बुरशी चढते. कागदात आणा, 40 डिग्रीच्या आसपास कडक वाळवा, मग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे किडे मरतील, आणि शेवटी घडीच्या कागदी पाकिटात.

आधी गोळा केलेल्या नमुन्यांच्या जुन्या नोंदी जीबीआयएफवर (जगभरच्या जीवजातींच्या नोंदींची वेबसाइट) फुकट बघता येतात. फिल्टरमध्ये फक्त जतन केलेले नमुने निवडा, नाहीतर मोबाईलच्या फोटोंची गर्दी होते. गावाचं नाव ‘पूना’, ‘बॉम्बे’ असंही शोधा. नकाशावरचा ठिपका बरोब्बर शहराच्या मध्यावर असेल तर तो बहुतेक नंतर कुणीतरी टाकलेला असतो, तिथे लेबलवरचा मूळ मजकूरच खरा धरा.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे, नोंदींमध्ये त्याचा कोड एएमएच दिसेल. पाकीट थेट पाठवू नका, आधी मेल करून त्यांना काय काय लागतं ते विचारा.