मातीचा क्लीन्सर आणि लेप: तेलकट व मिश्र त्वचेसाठी नेमका कसा वापरावा

लेपासारख्या दाट क्लीन्सरच्या ट्यूबवर सहसा दोन वापर लिहिलेले असतात. रोज फेसवॉशसारखा चोळून धुवा, किंवा आठवड्यातून एकदोनदा लेप म्हणून थोडा वेळ चेहऱ्यावर ठेवा. वस्तू एकच असली तरी दोन्ही कामांची रीत निराळी आहे. प्रमाण, पाणी आणि वेळ तिन्ही बदलतात. गोंधळ होतो तो इथेच. रोज धुताना लेपाइतका क्लीन्सर घेतला जातो, आणि लेप लावला की तो गिलाव्यासारखा तडकेपर्यंत वाट पाहिली जाते. तेलकट त्वचेला लेपाचा फायदा नक्की होतो, पण तो ओला असेपर्यंतच.

ट्यूबमध्ये काय आहे ते आधी वाचा

तेल शोषण्याचं मुख्य काम माती करते, आणि ती बहुधा केओलिन किंवा बेंटोनाइट असते. केओलिन ही मऊ, पांढरी माती पाण्यात फारशी फुगत नाही, त्यामुळे त्वचेशी सौम्य वागते. बेंटोनाइट पाणी पिऊन चांगलीच फुगते आणि तेलही जास्त ओढते. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. बेंटोनाइट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर क्लीन्सर जोरकस आहे असं समजा आणि वेळ कमी ठेवा. केओलिन वर असून सोबत ग्लिसरीन असेल तर मिश्र त्वचेलाही तो सहसा सोसतो.

मातीशिवाय औषधी घटक आहे का, हेही पाहा. सॅलिसिलिक अ‍ॅसिड साधारण ०.५ ते २ टक्के असतं. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात साचलेल्या तेलापर्यंत पोहोचू शकतं. बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे दूर ठेवा, कारण कापडाचा रंग उडतो. मेंथॉल किंवा पुदिन्याचं तेल असलं की चेहरा थंड, झणझणीत वाटतो. ती केवळ जाणीव आहे, सफाईशी तिचा संबंध नाही. संवेदनशील त्वचेला मेंथॉलविना असलेलाच क्लीन्सर बरा.

अपेक्षाही नेमकी ठेवावी. माती पृष्ठभागावरचं आणि रंध्रांच्या तोंडाशी आलेलं तेल उचलते. आत किती तेल तयार होणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात, त्यावर लेपाचा काही परिणाम होत नाही. म्हणून धुतल्यावर काही तासांनी चकाकी परत आली, तर क्लीन्सर कुचकामी ठरत नाही. रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे वाफेने ती उघडत नाहीत आणि गार पाण्याने मिटत नाहीत. रिकामी झाली की फक्त लहान दिसतात. नाकावरचे बारीक करडे ठिपके पुष्कळदा ब्लॅकहेड्स नसतातच. तो रंध्रातला तेलाचा नेहमीचा तंतू असतो, काढला तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतो. त्याच्यासाठी लेपाची वेळ वाढवत नेऊ नका.

तेल कुठे येतं, ते तपासा

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि काहीही न लावता तासभर थांबा. मग टिशू पेपरचे वेगवेगळे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर हलके दाबा. सगळ्या तुकड्यांवर डाग आले तर त्वचा तेलकट आहे. कपाळ, नाक, हनुवटी या टी-झोनवरच आले आणि गाल कोरडे किंवा ताणलेले वाटले तर मिश्र. पुढे लेप कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे या तासाभराच्या तपासणीवर ठरतं, म्हणून ती टाळू नका. ऋतू बदलला की पुन्हा करा.

आधी जबड्याच्या कडेला

नवा क्लीन्सर पहिल्यांदाच चेहऱ्यावर लावू नये. कानाखाली, जबड्याच्या कडेला वाटाण्याएवढा लावा, जितका वेळ चेहऱ्यावर ठेवणार तितकाच ठेवा आणि धुवा. ४८ तास लक्ष ठेवा. खाज, पुरळ किंवा टिकून राहणारी लाली आली तर तो तुमच्यासाठी नाही. काही अ‍ॅलर्जी पहिल्या वापरात दिसत नाहीत, म्हणून तीच जागा एक दिवसाआड आणखी दोनदा तपासली तर उत्तम.

रोजच्या धुण्यासाठी

हात साबणाने धुवा आणि केस मागे बांधा. मेकअप किंवा पाण्यात न उतरणारं सनस्क्रीन लावलं असेल तर ते आधी क्लीन्सिंग ऑइल, बाम किंवा मायसेलर वॉटरने (मेकअप पुसण्याच्या तयार द्रवाने) काढा. मातीला तो थर नीट उतरवता येत नाही, आणि त्यावर चोळत बसलं तर त्वचाच घासली जाते.

चेहरा कोमट पाण्याने पूर्ण ओला करा. चहाच्या चमच्याने मोजलं तर अर्धा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिली, पुरे. तो ओल्या तळहातांवर थोडं पाणी घालून पातळ करा. दाट गोळा थेट गालावर टेकवून पसरवू नका, त्यातले कण एकाच जागी रगडले जातात. बोटांच्या टोकांनी आधी टी-झोनवर २० ते ३० सेकंद फिरवा, नाकपुड्यांच्या खाचांत आणि हनुवटीच्या खोलगट भागात जरा जास्त. गालांवर शेवटचे १० सेकंद. पापण्या आणि डोळ्यांखालचा भाग सोडा, तिथली त्वचा पातळ असते. सगळं मिळून मिनिटभरात उरकून धुवा.

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, हा क्लीन्सर वापरा. सकाळी सौम्य फेसवॉश किंवा नुसतं पाणीही चालतं. दोन्ही वेळा मातीनेच धुण्याची गरज फार तेलकट त्वचेलाच पडते, आणि तीही दोन आठवडे एकवेळचा वापर सोसला तरच.

लेप म्हणून

इथे चेहरा आधी धुतलेला हवा. तेल, धूळ आणि सनस्क्रीनच्या थरावर लेप लावला तर माती तोच थर शोषण्यात खर्ची पडते. धुतल्यावर टॉवेलने टिपा, पण किंचित ओल राहू द्या. अगदी कोरड्या त्वचेवर लेप लगेच वाळतो आणि एकसारखा पसरत नाही.

पूर्ण चेहऱ्याला साधारण दोन चहाचे चमचे लागतात, फक्त टी-झोनला एक. थर एवढाच की खालचा त्वचेचा रंग झाकला जावा. जाड थराने तेल जास्त निघत नाही, कारण त्वचेला टेकलेला भागच काम करतो. पण फार पातळ, पारदर्शक थर दोन मिनिटांतच सुकतो. बोटांऐवजी सपाट ब्रश वापरलात तर थर सारखा बसतो. ब्रश मात्र दर वेळी धुऊन वाळवायलाच हवा.

क्रम महत्त्वाचा आहे. जिथे तेल जास्त तिथे आधी लावा: नाक, हनुवटी, मग कपाळ. त्वचा सगळीकडे तेलकट असेल तर शेवटी गाल. मिश्र त्वचेवर गाल सरळ सोडून द्या. गालांवर रंध्रं भरलेली वाटतच असतील तर धुण्याच्या मिनिटभर आधी तिथे पातळ हात फिरवा. भुवया, केसांची कड, ओठांचे कोपरे आणि दाढी-मिशांचे केस टाळा. केसांत अडकलेली माती धुताना ओढावी लागते.

आता वेळ. पहिल्यांदा ३ मिनिटं, आणि नीट सोसलं तर पुढच्या वेळी ५. अगदी तेलकट त्वचेलाही १० मिनिटांपलीकडे जाण्याचं कारण नाही. वेष्टनावर याहून कमी वेळ दिला असेल तर तीच पाळा, विशेषतः आत सॅलिसिलिक अ‍ॅसिड, गंधक किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तेव्हा. मात्र घड्याळापेक्षा लेपाकडे पाहणं जास्त खात्रीचं. लावल्यावर तो ओला आणि गडद असतो. मग कडा फिकट होऊ लागतात, पण बोट टेकवलं तर अजून चिकटतं. धुवायची वेळ हीच. संपूर्ण फिकट झाला, हसताना ताण जाणवला किंवा भेगा दिसल्या, म्हणजे उशीर झाला. तोवर मातीतलं पाणी उडून गेलेलं असतं, आणि वाळकी माती त्वचेच्या वरच्या थरातली ओल ओढायला लागते. त्यातूनच लाली, खाज आणि नंतरचं सोलवटणं येतं. लेप जितका कडक तितकी सफाई जास्त, ही समजूत या एकाच कारणासाठी सोडून द्यायला हवी.

पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात बसलात तर पाच मिनिटांचा लेप तीनमध्ये वाळतो. तिथून उठा, किंवा कडा सुकताना दिसल्या की ओल्या बोटांनी नुसतं थोपटा. त्या वेळात बोलणं, खाणं नको, कारण हालचालीने अर्धवट सुकलेला थर तडकतो.

धुताना घाई नको

लेप चोळून किंवा खरवडून काढायचा नाही, आधी भिजवायचा. ओंजळीने कोमट पाणी लावा किंवा ओला मऊ कपडा चेहऱ्यावर २० ते ३० सेकंद नुसता ठेवा. लेप पुन्हा मलईसारखा सैल झाला की बोटं गोल फिरवत सोडवा. गालांवर लावला असेल तर गाल आधी धुवा, टी-झोन नंतर. गरम पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते, ते वापरू नका. शेवटी आरशात नाकाच्या बगला, केसांची कड, कानांपुढचा भाग आणि जबड्याखाली पाहा. उरलेली माती तिथेच सापडते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच खाजतं.

जाड लेप असेल तर पहिला थर ओल्या टिशूने पुसून कचऱ्यात टाका. माती बेसिनखालच्या वाकड्या नळीत साठते, आणि ती मोकळी करण्याचं काम किचकट असतं.

टॉवेलने टिपा आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचा असल्यामुळे हा टप्पा सर्रास वगळला जातो आणि नुकसान तिथे होतं. ग्लिसरीन, हायलुरोनिक अ‍ॅसिड किंवा नायसिनमाइड असलेलं पातळ जेल घ्या. मिश्र त्वचेवर गालांना थोडं जास्त, नाकाला नावापुरतं. सकाळी लेप लावला असेल तर वर एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन हवंच.

किती वेळा, आणि कशासोबत नाही

तेलकट त्वचेसाठी लेप आठवड्यातून दोनदा, मिश्र त्वचेसाठी एकदा. लेपाच्या रात्री त्वचेच्या पेशींची झड वाढवणारे रेटिनॉल, अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिड असे घटक आणि स्क्रब नको. दाढी, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर एक दिवस जाऊ द्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा आधीच फार कोरडी आणि नाजूक झालेली असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मातीचा क्लीन्सर लावूच नये. उन्हाने भाजलेल्या, फुटलेल्या किंवा इसबाच्या त्वचेवरही नाही.

बिघडलं तर कारण कसं ओळखावं

लावताना खरोखर भाजल्यासारखं झालं तर मिनिटं मोजू नका, लगेच धुवा. धुतल्यावर थोडी लाली दिसणं आणि ती अर्ध्या तासात जाणं ठीक आहे. तासाभरानंतरही टिकली तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा. तरीही तसंच झालं तर क्लीन्सर बदला.

चेहरा एकाच वेळी चकाकतो आणि ताणलेलाही वाटतो, ही तक्रार नेहमीची आहे. तेल भरपूर, पण ओल कमी, असा त्याचा अर्थ. अशा वेळी लेप वाढवला जातो आणि त्रास आणखी वाढतो. उलट दोन आठवडे लेप बंद ठेवा, सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर एवढ्यावर राहा, ताण गेला की आठवड्यातून एकदा ३ मिनिटांपासून परत सुरू करा.

नवे मुरुम आले की ‘आतली घाण बाहेर पडतेय’ असं सांगितलं जातं. पेशींची झड वेगवान करणाऱ्या रेटिनॉलसारख्या घटकांनी सुरुवातीला मुरुम वाढू शकतात, पण माती तसं करत नाही, त्यामुळे नुसत्या मातीच्या लेपाला हे लागू होत नाही. क्लीन्सरमधला एखादा तेलकट घटक, सुगंध किंवा न धुतलेला ब्रश यांच्याकडे आधी पाहा.

नाकाच्या खाचांत आणि भुवयांत लालसर त्वचेवर पिवळट, तेलकट पापुद्रे येत असतील तर तो कोरडेपणा नसून सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट भागांत होणारा त्वचेचा दाह, असू शकतो. लेपाने तो जात नाही, चिडतो. असे पापुद्रे, दुखणाऱ्या खोल गाठी किंवा खड्डे पाडणारे मुरुम त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावेत.

डबा कसा सांभाळावा

ट्यूब असेल तर काळजी कमी. डबा असेल तर ओली बोटं आत घालू नका, कोरड्या चमच्याने काढा. वर पाणी सुटलेलं दिसलं आणि वास, रंग नेहमीचाच असेल तर ढवळून वापरता येतो. घट्ट झाला म्हणून डब्यात पाणी मात्र ओतू नका. त्याने जंतुरोधक घटक पातळ होतो आणि बुरशी धरू शकते. लागेल तेवढाच क्लीन्सर तळहातावर घेऊन तिथे पाणी घाला. उघड्या डब्याच्या छोट्या चित्रात ६ किंवा १२ हा आकडा असतो, तो उघडल्यापासूनचे महिने सांगतो. ज्या दिवशी डबा उघडाल ती तारीख बुडाशी लिहून ठेवा.