पाचवीच्या आदल्या रात्री छातीचे दगड झाले तेव्हा

कळव्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाचवीची तयारी चालली होती. आई पाटा-वरवंटा घासत होती, सासूबाई बाळंतशेपा भाजत होत्या आणि मी पलंगावर दोन्ही हात अंगापासून लांब धरून बसले होते. काखा मिटत नव्हत्या. सकाळपर्यंत मऊ असलेली छाती रात्री दहाला इतकी टणक झाली की गाऊनचं कापडही सोसवेना. लेकीला अंगावर घेतलं की तिचं तोंड नुसतं घसरायचं. ती किंचाळायची, मग मी रडायचे. बोंड धरणार तरी कुठून, कातडी ताणून ते पार सपाट झालं होतं.

"भरपूर दूध उतरलंय, चांगलंच आहे की," म्हणत सासूबाईंनी डिंकाचा लाडू पुढे केला. नंतर मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. त्याने कुणाचं वाईट झालं नाही. वाईट झालं ते गरम पिशवीने.

बाळंतिणीला शेक हवाच, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मे महिना, पंखा गरम वारा फेकतोय आणि मी तासभर छातीवर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली. ठणका वाढला. का वाढला ते नंतर कळलं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं. सिझेरियन झालं असेल तर कधी एखादा दिवस उशिराही. त्या वेळी छातीकडे रक्तही जास्त धावतं आणि आतल्या भागात पाणी धरतं. बाळंतपणात सलाइनच्या बाटल्या जास्त चढल्या असतील तर सूज आणखी. म्हणजे तो दगड नुसत्या दुधाचा नसतो, सुजेचाही असतो, आणि सुजेला तासभर शेकलं तर ती वाढणारच.

रात्री साडेबाराला नवऱ्याने हॉस्पिटलात फोन लावला. रात्रपाळीच्या सिस्टरने पहिलं वाक्य टाकलं, "ताई, दूध काढायच्या मागे लागू नका, आधी बोंडाभोवतीची सूज मागे ढकला." ही एकच गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर ती रात्र वाचली असती, म्हणून इथे सावकाश सांगते.

हात धुवा, नखं कापलेली असू द्या. उताणं पडलात तर जास्त बरं, सूज आपोआप मागे सरते. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बोंडाला अगदी लागून, काळ्या भागावर गोल ठेवा, फुलाच्या पाकळ्यांसारखी. आता सरळ आत, बरगड्यांच्या दिशेने दाबा. चिमटायचं नाही, ओढायचं नाही, घासायचं नाही. दाब ठाम हवा, पण दुखता कामा नये. तसंच धरून साठपर्यंत आकडे मोजा. खूप सूज असेल तर दोन-तीन मिनिटंही लागतात. बोटं उचलली की कणकेत उमटावेत तसे खळगे दिसतात. बोटांच्या जागा थोड्या फिरवून पुन्हा एकदा. त्या रात्री दुसऱ्या खेपेला काळा भाग ओठांसारखा मऊ लागला, बोंड वर आलं आणि दोन-चार थेंब आपोआप ठिबकले. लगेच बाळाला लावा. उशीर केला की सूज परत पुढे येते.

लावताना तिच्या तोंडात नुसतं बोंड देऊ नका. तोंड जांभईसारखं मोठं उघडू द्या, हनुवटी छातीला टेकलेली हवी आणि खालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त आत गेलेला. माझ्या लेकीने पहिले दोन घोट गिळले तो आवाज मला अजून आठवतो. दूध जोरात येऊन बाळाला ठसका लागत असेल तर मागे रेलून बसा आणि तिला आपल्या पोटावर उपडी घ्या.

पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात पिळलेला रुमाल चालतो, पान्हा फुटायला मदत होते. त्यापुढे मात्र गारवा. पाजून झालं की गार फडकं दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. आम्ही फ्रीजरमधली मटारची पिशवी बाळाच्या जुन्या झबल्यात गुंडाळून वापरली. आई म्हणाली, "अगं, बाळंतिणीला गार? वात धरेल!" मी म्हटलं, "आई, एकदाच बघू." पहाटे काखा मिटल्या तेव्हा तिनेच पिशवी परत फ्रीजरमध्ये नेऊन ठेवली.

कोबीच्या पानांचंही असंच. सकाळी नवरा जांभळी नाक्यावरून चक्क तीन गड्डे घेऊन आला. फ्रीजमध्ये गार केलेलं धुतलेलं पान ब्रामध्ये ठेवलं की बरं वाटतं. पानात काही औषध आहे की नुसता गारवा, देव जाणे. बोंडाला चीर असेल तर तिथे लावू नका. पाचवीच्या जेवणाला आमच्याकडे कोबीची भाजी आणि कोबीची पचडी होती.

आता मालिशवाल्या मावशींबद्दल. त्या आल्या आणि "गाठी मोडायला हव्यात" म्हणत त्यांनी अंगठे रोवले. मी ओरडले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण जोरात चोळल्याने आतला भाग दुखावतो आणि सूज वाढते. पाठ, पाय, कंबर हवी तेवढी रगडू द्या. छातीवर मात्र फक्त तुमचाच हात, तोही मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा हलका, काखेच्या दिशेने. पोटपट्टा पोटालाच, छाती घट्ट बांधायची नाही. आधार देणारी, पण न रुतणारी ब्रा घाला.

दुसरी चूक माझीच. ऐरोलीची नणंद तिचा पंप घेऊन आली, "वहिनी, रिकामं करून टाका, मोकळं वाटेल." मी दोन दिवस दर वेळी वीस-वीस मिनिटं पंप लावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दगड. विहीर उपसाल तितके झरे मोकळे होतात, तसंच हे. शरीराला वाटतं, घरात जुळी आहेत. म्हणून बाळाने पिऊनही ताण राहिला तर हाताने थोडंसं काढा, मोकळं वाटलं की थांबा.

खरा उपाय बाळच. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. झोपली असेल तर दुपटं सोडून, तळव्यांना गुदगुल्या करून उठवा. एक बाजू मऊ होईपर्यंत पाजा, मग दुसरी द्या. पुढच्या वेळी दुसरीपासून सुरुवात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट होत असतील तर तिला पुरतंय. अळीव-मेथीचे लाडू चार दिवस डब्यात राहिले तर दुधाचं काही अडत नाही. पाणी तहानेपुरतं प्या. कमी प्यायल्याने सूज उतरत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल घेता येते, पण डॉक्टरांना विचारून.

हे सगळं केल्यावर एक-दोन दिवसांत ताण उतरतो. न उतरता एका जागी लाल, गरम चट्टा उठला, अंग मोडून आलं, थंडी वाजली, ताप १०१ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो स्तनदाह असू शकतो. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही; त्या दुधाने बाळाला काही होत नाही आणि अचानक थांबवलं तर आणखी साचतं.

काही जणींना महिना-दोन महिन्यांनंतरही बाळाचं पोट भरून दूध उरतं. ते बेसिनमध्ये ओतताना जीव तुटतो. मुंबईच्या शीव (सायन) रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दूधपेढी आहे, आशियातली पहिली. ठाण्याहून स्लो लोकल थेट शीवला जाते. आईच्या तपासण्या झाल्यावर तिथे दूध घेतात आणि ते कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना देतात. माझं उरलं नाही. लेक खादाड निघाली.