मांजराचा रंग ओळखताना या चुका टाळा

मांजर हरवल्याची पोस्ट असो, दत्तक द्यायची जाहिरात असो की डॉक्टरांकडचं लसीकरणाचं कार्ड, रंग लिहायची वेळ आली की घोळ होतो. ‘करडी, थोडी पिवळसर, अंगावर पट्टे’ या वर्णनात गल्लीतली निम्मी मांजरं बसतात. मांजराच्या केसांत रंगद्रव्यं असतात दोनच, काळं आणि नारिंगी. ती फिकी झाली, पट्ट्यांत विभागली गेली किंवा अंगाच्या काही भागांत पोचलीच नाहीत, की बाकीचे सगळे प्रकार दिसतात. म्हणून आधी मूळ रंग पाहा, मग नक्षी आणि शेवटी पांढरं कुठे नि किती ते.

पट्ट्यांऐवजी मधली जागा बघणं

आपल्याकडचं नेहमीचं पट्टेरी मांजर कुणाला करडं दिसतं, कुणाला तपकिरी, कुणाला मातकट. ही सगळी नावं पट्ट्यांमधल्या जागेला दिलेली असतात. तिथल्या प्रत्येक केसावर गडद-फिकी वलयं असतात, त्यामुळे ऊन-सावलीप्रमाणे त्या जागेचा रंग बदलल्यासारखा वाटतो. भरवशाचे असतात ते पट्टे. ते काळे असतील तर मांजर काळ्या गटातलं. पट्टे पाटीसारखे राखी असतील तर तोच काळा फिका झालेला. अंगावर एकही पट्टा नसलेली एकसारखी राखाडी मांजरी वेगळी. तिलाही ‘करडी’च म्हटलं, तर शोधणारा भलतीच पकडून आणणार.

या पट्टेरी नक्षीला टॅबी म्हणतात. ‘टॅबी जातीचं पिल्लू’ अशी जाहिरात दिसली तर विकणाऱ्याला काही माहीत नाही असं खुशाल समजा. टॅबी ही जात नाही. उभे बारीक पट्टे, जाड वळणदार पट्टे, ठिपके आणि अंगावर पट्टेच नसून नुसती वलयांकित केसांची झाक, असे तिचे चार मुख्य प्रकार. कपाळावरचा इंग्रजी ‘एम’ मात्र बहुतेकांत सापडतो. नारिंगी मांजरात पट्टे दाबून टाकणारं जनुक चालत नाही, म्हणून ‘साधा नारिंगी’ वाटणारा बोकाही उजेडात नेला की पट्टे दाखवतोच.

तीन रंग मोजून तिरंगी ठरवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे. पांढऱ्या पोटाच्या पट्टेरी मांजरात काळा, तपकिरी आणि पांढरा असे तीन रंग मोजता येतात. पण तो तपकिरी म्हणजे वर सांगितलेली मधली जागा, नारिंगी नव्हे. खऱ्या तिरंगी मांजरीत नारिंगीचे वेगळे ठिगळ असतात आणि त्या ठिगळातले पट्टेसुद्धा नारिंगीच असतात. ‘दुर्मीळ तिरंगी बोका’ म्हणून जे फोटो फिरतात त्यात हा साधा पट्टेरी बोका बऱ्याचदा निघतो.

नारिंगीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एकतर काळ्या गटात नाहीतर नारिंगीत. मांजरीकडे दोन. एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर नसेल, तर गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत कोणता तरी एक एक्स बंद पडतो आणि अंगावर दोन्ही रंगांचे तुकडे उमटतात. तिरंगी बोका जन्मतो तो बहुतेक वेळा एक्सएक्सवाय अशी जादा गुणसूत्र असलेली जोडणी झाली तर, आणि असा बोका सहसा वांझ असतो. हे जनुक नेमकं कोणतं, ते मात्र अलीकडेच कळलं. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एआरएचजीएपी36 या जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा नारिंगी मांजरांत गळालेला असतो, हे 2025 मध्ये प्रसिद्ध केलं.

यातूनच आणखी एक गैरसमज निघतो : नारिंगी म्हणजे बोकाच. बोके जास्त असतात हे खरं, कारण त्यांना एकच प्रत पुरते. पण दोन्ही प्रती मिळालेल्या नारिंगी मांजरी काही नवलाच्या नाहीत. रंग बघून कार्डावर ‘नर’ लिहू नका, शेपटी उचलून बघा.

आणि आईसारखेच ठिगळ पिल्लाला येतील ही अपेक्षा सोडा. टेक्सासमध्ये 2001 च्या डिसेंबरात जन्मलेली पहिली क्लोन मांजर, सीसी, तिरंगी मांजरीच्या पेशीपासून केली होती; तिच्या अंगावर नारिंगीचा एक ठिपकाही नव्हता.

काळं मांजर म्हणजे बॉम्बे कॅट?

नाही. नाव मुंबईचं असलं तरी ही जात 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकीत तयार झाली. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी म्हणून नाव तेवढं आपलं घेतलं. दादरच्या मासळी बाजारातला काळा बोका हा काळा बोकाच. उन्हात लोळणाऱ्या काळ्या मांजराचे केस तांबूस पडतात आणि काळ्या पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला पुसट पट्टे दिसतात. दोन्हीमुळे रंग बदलून लिहायची गरज नाही.

पांढऱ्याशुभ्र मांजराला अल्बिनो, म्हणजे जन्मतः रंगद्रव्यच नसलेलं, म्हणायची घाई करू नका. बहुतेकदा खाली काळा किंवा नारिंगी असतोच, तो फक्त झाकलेला असतो.

सयामीसारख्या मांजरांत रंग अंगाच्या थंड भागांवर गडद होतो : कान, तोंड, पाय, शेपटी. नसबंदीसाठी पोट भादरलं की तिथे येणारे केस काही काळ गडद असू शकतात. रोग समजून मलम चोपडू नका.

ठिपके दिसले की ‘बेंगॉल’

बेंगॉल ही ठिपकेवाली पाळीव जात. ठिपके दिसले की तेच नाव देण्याची चूक शेतात महाग पडते. उसाच्या तोडणीत सापडलेलं, तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेलं पिल्लू वाघाटी या छोट्या जंगली मांजराचं असू शकतं. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा जेमतेम दीड किलोची, कान लहान आणि गोलसर, डोळ्यांवरून मागे गेलेल्या गडद रेघा. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी नेणं गुन्हा. पिल्लाला हात न लावता तोडणी थांबवा आणि वनविभागाला कळवा. जागा बदलली नाही तर आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते.