तासाभराचा स्टँडअप स्वतःच्या साइटवर विकायचा असेल तर

डिसेंबर २०११ मध्ये लुई सी. के. या अमेरिकी कॉमेडियनने आपला तासाभराचा कार्यक्रम कुठल्याही वाहिनीला न देता स्वतःच्या साइटवर ५ डॉलरला ठेवला. डाउनलोडला कुलूप नव्हतं. बारा दिवसांत विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली. पुढच्या वर्षी जिम गॅफिगननेही आपला कार्यक्रम तसाच, त्याच भावात विकला. आज मराठी कॉमेडियनला हे करायला लागणारी सगळी साधनं हाताशी आहेत. काम बिघडतं ते मोजक्या ठिकाणी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे पैसे भरल्यापासून व्हिडिओ सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

पन्नास-साठ मिनिटांचं, ओपन माइक (कुणालाही चढता येणारं खुलं स्टेज) आणि तिकीट शोमध्ये घासून निघालेलं मटेरियल तुमच्याकडे आहे, असं इथे धरलं आहे.

आधी कागद

कॉपीराइट कायदा, १९५७ चित्रफितीचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो, म्हणजे चित्रीकरणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली त्याला. स्टेजवर तुम्ही असाल, मटेरियल तुमचं असेल, पण कॅमेरे आणि खर्च मित्राच्या प्रॉडक्शन हाउसचा असेल, तर फितीवर हक्क त्याचा ठरू शकतो. म्हणून शूटच्या आधीच दोन पानी करार करा: निर्माते तुम्ही; कॅमेरा, साउंड आणि एडिटर मानधनावर; सगळे हक्क तुमच्याकडे. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला विकायचा हक्क एका ओळीवाचून राहून जातो. एडिटरचा शेवटचा हप्ता रॉ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल हार्ड डिस्कवर मिळाल्यावरच द्या.

प्रेक्षकांसाठी तिकिटावर आणि दारावर ‘कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार आहे’ अशी सूचना लावा. क्राउडवर्कमध्ये, म्हणजे स्टेजवरून प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पांत, ज्यांच्याशी बोललात, त्यांची लेखी संमती त्याच रात्री घ्या. दुसऱ्या दिवशी ती माणसं सापडत नाहीत. एन्ट्रीला हिंदी-मराठी सिनेमाचं गाणं वाजवू नका. एखाद्या ढोलकीवाल्याकडून वीस सेकंदांचा तुकडा पैसे देऊन करून घ्या.

शूट

एकाच दिवशी दोन शो, तेच कपडे, तेच केस. पहिल्यात फसलेला पंच (विनोदाची हसवणारी शेवटची ओळ) दुसऱ्यातून उचलता येतो. तीन कॅमेरे पुरतात: एक स्थिर वाइड, एक कमरेपासून वर, एक चेहऱ्यावर. काही कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, ते आधी तपासा. तिन्ही कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने १/६० वर बऱ्याच हॉलच्या दिव्यांचे पट्टे चित्रात फिरताना दिसतात आणि ते एडिटमध्ये नीट निघत नाहीत.

चित्रापेक्षा आवाजावर जास्त खर्च करा. हातातल्या माइकची लाइन मिक्सरवरून वेगळ्या ट्रॅकवर घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रेक्षकांसाठी दोन स्वतंत्र माइक लागतात, स्टेजच्या दोन्ही कडांना, तोंड प्रेक्षकांकडे. हातातला माइक हशा पकडत नाही, आणि हशा न ऐकू आलेला चांगला विनोदही घरी बघणाऱ्याला फसलेला वाटतो. प्रेक्षकांचे माइक हॉलच्या स्पीकरपासून १० मीटरवर असतील तर तुमचा आवाज त्यांच्यात सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एडिटमध्ये प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढा आधी आणला नाही, तर तुम्ही विहिरीतून बोलताय असं वाटतं.

सबटायटल्स जरूर करा. परदेशात वाढलेल्या मुलांसाठी इंग्रजी आणि ऐकायला त्रास होणाऱ्यांसाठी मराठी. सेटअप (पंचाआधीची बांधणी) आणि पंच कधीही एका ओळीत ठेवू नका. वाचणारा ऐकणाऱ्याच्या पुढे जातो आणि विनोद अर्धा सेकंद आधीच फुटतो. पंचाची ओळ तो शब्द तोंडातून निघेल त्याच फ्रेमवर आणा.

किंमत आणि पेमेंट

२४९ रुपये हा आमच्या मते योग्य आकडा: नाटकाच्या चांगल्या तिकिटापेक्षा कमी, आणि मागताना लाज वाटू नये इतका. ४९ ला विकलं तर गिऱ्हाईक वाढतं त्यापेक्षा तक्रारींचे मेल जास्त वाढतात. पेमेंट गेटवेचं (साइटवर ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) शुल्क साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४९ मागे ५ रुपये ८८ पैसे. हातात २४३ रुपये १२ पैसे. तुमची वर्षाची एकूण उलाढाल, लाइव्ह शो आणि जाहिराती धरून, २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यानंतर २४९ मधले जवळपास ३८ रुपये कराचे. किंमत ठरवतानाच हे सीएला विचारून घ्या.

गेटवेचं खातं विक्रीच्या किमान तीन आठवडे आधी उघडा. पॅन आणि बँक खात्याबरोबर साइटवर अटी, गोपनीयता, परतावा, संपर्क ही चार पानं आणि रुपयांतली किंमत दिसावी लागते. यातलं एखादं पान राहिलं की अर्ज परत येतो.

पैसे गेले, व्हिडिओ कुठे?

विकत घेणारे बहुतेक जण मोबाइलवरून आणि यूपीआयने घेतील. तुमच्या साइटवरून तो माणूस यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, परत येतो. या मधल्या वेळात जुना फोन ब्राउझरची टॅब बंद करून टाकतो. व्हिडिओची लिंक तुम्ही फक्त ‘धन्यवाद’च्या पानावर दाखवत असाल, तर ते पान त्याला कधीच दिसत नाही. पैसे कटलेले असतात, आणि पंधरा मिनिटांत इन्स्टाग्रामवर तुमच्या नावाने ‘फसवणूक’ अशी कमेंट पडते.

यावर उपाय एकच: ब्राउझरवर विसंबू नका. गेटवे पैसे जमा झाल्याची खबर थेट तुमच्या सर्व्हरला वेबहुकने, म्हणजे आपोआप जाणाऱ्या संदेशाने, देतो. ती आली की लिंक ईमेल आणि एसएमएस दोन्हींवर आपोआप जायला हवी. एकाच पेमेंटची खबर कधी दोनदा येते, तेव्हा पेमेंट क्रमांक तपासूनच लिंक काढा. साइटवर ‘पैसे भरले, लिंक आली नाही’ असं ठळक बटण ठेवा, मोबाइल नंबर टाकला की ओटीपी, आणि लगेच व्हिडिओ. विक्रीच्या आदल्या आठवड्यात दहा जणांकडून १ रुपयाला खरी खरेदी करून घ्या. त्यात दोन तरी आयफोन आणि दोन स्वस्तातले जुने अँड्रॉइड असावेत.

दुसरी अडचण इन्स्टाग्रामची. बायोमधल्या लिंकवर टिचकी मारली की साइट इन्स्टाग्रामच्या आतच उघडते आणि तिथून यूपीआय ॲप बऱ्याचदा उघडत नाही. पानाच्या वरच लिहा: ‘वरचे तीन ठिपके दाबा आणि क्रोममध्ये उघडा.’ या एका वाक्याने खूप तक्रारी वाचतात.

व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर किंवा यूट्यूबच्या अनलिस्टेड लिंकवर ठेवू नका. पहिल्याच रात्री लिंक फॅमिली ग्रुपवर फिरते. मिनिटांवर पैसे घेणारी व्हिडिओ होस्टिंग सेवा घ्या. क्लाउडफ्लेअर स्ट्रीमचा भाव बघितलेल्या दर १००० मिनिटांना १ डॉलर आहे, म्हणजे हजार लोकांनी तास पूर्ण बघितला तर ६० डॉलर. साठवणीचे वेगळे, पण थोडे. लिंकची मुदत संपणारी ठेवा आणि कोपऱ्यात खरेदीदाराच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे फिकट दाखवा. १०८०पीची तासाभराची प्रत ५ एमबीपीएसला सव्वादोन जीबी होते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती कुणी बघणार नाही, तेव्हा १ एमबीपीएसची ४८०पी प्रत हवीच. ती ४५० एमबीत बसते.

जड डीआरएमच्या (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नादी लागू नका. पायरसी करणारा स्क्रीन रेकॉर्ड करतोच आणि त्रास होतो तो पैसे भरणाऱ्याला. फुटलेली प्रत टेलिग्रामवर दिसली की कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ खाली टेलिग्रामकडे लेखी तक्रार करा. ३६ तासांत ती प्रत हटवणं अपेक्षित आहे. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही तर ती परत चढू शकते. पहिले दोन आठवडेच विक्रीचे असतात, त्यामुळे तेवढी मुदतही उपयोगाची.

यादी

विक्रीची खबर द्यायला प्रेक्षकांची यादी हवी. रील्सला क्राउडवर्क द्या, लिहिलेलं मटेरियल विक्रीसाठी राखा. शोच्या दाराशी क्यूआर लावून ईमेल गोळा करा, कशासाठी घेताय ते लिहून आणि संमती घेऊन. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. मेल स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणाऱ्या) डोमेनवर आधी लावून घ्या, नाहीतर जीमेल निरोप स्पॅममध्ये टाकतं. विक्री रविवारी रात्री ९ ला उघडा. तेव्हा दुबईत साडेसात आणि न्यूयॉर्कला सकाळ असते.

परदेशातला प्रेक्षक

आंतरराष्ट्रीय कार्डं गेटवेकडून वेगळी सुरू करून घ्यावी लागतात, शुल्क सुमारे ३ टक्के. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातले अंतर्गत व्यवहार बंद केले, पण परदेशी ग्राहकासाठी ते चालतं. युरोप आणि ब्रिटनमध्ये डिजिटल विक्रीवर पहिल्या ग्राहकापासून व्हॅट लागतो. तो स्वतः भरत बसण्यापेक्षा तिथली विक्री गमरोडसारख्या सेवेमार्फत करा, जी कागदोपत्री स्वतः विक्रेता होऊन कर भरते. ती १० टक्के आणि वर ५० सेंट घेते: किंमत ८ डॉलर ठेवली तर १ डॉलर ३० सेंट, कार्डाचं शुल्क वेगळं.

महाराष्ट्र मंडळांना मात्र एकट्याची लिंक देऊ नका. हॉलमध्ये शंभर जणांना दाखवायचं असेल तर सार्वजनिक प्रदर्शनाचा वेगळा परवाना द्या: एक तारीख, एक सभागृह, ठरावीक रक्कम, आणि डाउनलोड प्रत शोच्या दोन दिवस आधी, म्हणजे त्यांना हॉलच्या प्रोजेक्टरवर तपासून घेता येईल.