ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका: पावसाळी तापात या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक ताप चढताना होत नाही, उतरताना होते. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमके पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ताप गेल्यावरही पेशंटकडे बघा. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, माणूस सुस्त किंवा अस्वस्थ आहे, चार-सहा तासांत लघवी झाली नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसणं, पपईच्या पानांचा रस शोधत फिरणं यात वेळ जातो. रक्त घट्ट होतंय का, हे रिपोर्टमधल्या हिमॅटोक्रिटवरून (पीसीव्ही) कळतं. डॉक्टर तोही बघतात.

ताप मोजायचा कसा? कपाळाला हात लावून कणकण कळते, आकडा कळत नाही. डिजिटल थर्मामीटर काखेत लावण्याआधी घाम पुसा आणि बीप होईपर्यंत हात अंगाशी घट्ट धरून ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. गरम चहा घेतल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर ठेवू नका, वीसेक मिनिटं थांबा. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) आणि त्यापुढे ताप धरतात.

लहान मुलांच्या औषधात गोंधळ होतो तो बाटलीमुळे. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त चार डोस. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅमपर्यंत. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे सुमारे ६ मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे फक्त ३ मिली. जुन्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावलं की डोस दुप्पट. ड्रॉप्स तर आणखी तीव्र असतात. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप घ्या. मोठ्यांनीही सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे का ते पाकिटावर वाचावं, नाहीतर तेच औषध दोनदा पोटात जातं.

डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको.

थंडी वाजतेय म्हणून दोन गोधड्या, किंवा ताप वाढला म्हणून बर्फाचं पाणी, दोन्ही चुकीचं. बर्फाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. पातळ कपडे, कोमट पाण्याचा बोळा, भरपूर पेज, सरबत, ओआरएस पुरे. अपवाद उष्माघाताचा: उन्हातून आलेला माणूस बरळतोय आणि अंग भाजतंय, तर त्याला ताबडतोब गार पाण्याने भिजवून हॉस्पिटलला हलवा. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही.

मुलाला तापात झटका (आकडी, फिट) आला तर कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच उचलून न्या. थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी औषध न देता लगेच डॉक्टर. गरोदर बाई, मधुमेही, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, यांनीही वाट पाहू नये. बाकीच्यांनी तिसऱ्या दिवसापर्यंत ताप राहिला तर दाखवावं. धाप, मान ताठणं, दाबल्यावर न जाणारे लाल डाग किंवा बरळणं असेल तर पहिल्याच तासाला. आणि आठ-पंधरा दिवसांत भाताच्या खाचरात किंवा पुराच्या पाण्यात उतरला असाल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय त्यावरूनच येतो.